आकड्यामागचा प्रकार



सातबारा आपणांस नवा नाही. त्यावर क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असते, बोलण्यात मात्र आपण एकरच धरतो. समजा, एकर मनात धरून कोणी हेक्टरच्या रकान्यात नुसता ५ लिहिला. ५ एकरांचे १२ एकरांहून अधिक झाले! आकडा खोटा नाही, बेरीजही चुकली नाही. हरवला तो आकड्याचा प्रकार.

हीच चूक मोठमोठ्यांनाही भोवते. २३ सप्टेंबर १९९९ रोजी नासाचे ‘मार्स क्लायमेट ऑर्बिटर’ मंगळापाशी नष्ट झाले. जमिनीवरची एक आज्ञावली आवेग पौंड-सेकंदांत मांडीत होती. दुसरी तो न्यूटन-सेकंदांत आहे असे धरून चालली होती. फरक सुमारे ४.४५ पटींचा. यंत्राच्या लेखी दोन्ही नुसते आकडे!

म्हणून संगणकाची भाषा रचणारा दारावर पहारेकरी बसवितो. प्रत्येक राशीला प्रकार द्यायचा, आणि प्रकार जुळत नसेल तर आज्ञावली चालण्यापूर्वीच अडवायची. मग पहारा कडकच का ठेवू नये? खरी अडचण येथेच आहे.

झुरिकच्या निक्लाउस वीर्थ यांनी १९७० मध्ये पास्कल ही भाषा प्रसिद्ध केली. तिच्या मूळ रूपात यादीची लांबी हा प्रकाराचाच भाग होता. त्यामुळे १० नावे क्रमाने लावणारी कृती २० नावांची यादी घेईना. ब्रायन कर्निघन यांनी १९८१ मध्ये या दोषावर नेमके बोट ठेवले. चोर अडवावा म्हणून बसविलेला पहारेकरी घरच्या माणसालाच अडवू लागला!

यातून वाट निघाली. रॉबिन मिल्नर यांनी १९७८ मध्ये दाखविले की, एकच कृती अनेक प्रकारांना चालू शकते आणि प्रकार यंत्राला स्वतःच ताडता येतात. आपल्या पवईच्या आयआयटीतील उदय खेडकर व धनंजय धामधेरे यांनी केंब्रिजच्या अ‍ॅलन मायक्रॉफ्ट यांच्यासह २००३ मध्ये याच ताडण्याचा विचार मांडला: माहिती पुढे आणि मागे, दोन्ही दिशांनी वाहिली पाहिजे. पोत्यात काय आहे ते भरणाराला विचारून कळते. तसेच ते पिठाच्या गिरणीत नेले की जिनिंगला, यावरूनही कळते.

तरीही परिपूर्ण पहारा शक्य नाही. अ‍ॅलन ट्यूरिंग यांनी १९३६ मध्ये सिद्ध केले की, आज्ञावलीविषयीचे काही प्रश्न कोणत्याही ठरीव रीतीने आगाऊ सुटत नाहीत. म्हणून एकही सदोष आज्ञावली आत न सोडणारा पहारेकरी काही निर्दोषांनाही अडवणारच. तेव्हा कोणती चूक पत्करायची, हा प्रश्न केवळ गणिताचा राहत नाही; तो न्यायाचाही होतो.

येथे बसलेल्या मुलांपैकी उद्या कोणी पीकविम्याची किंवा बाजार समितीची आज्ञावली लिहील. पहारा कडक ठेवला तर लिहिणाऱ्याची एखादी रात्र जागण्यात जाईल. सैल ठेवला तर चुकीचा आकडा निमूटपणे आत शिरेल, आणि हेलपाटे पडतील ते त्या सातबाराच्या धन्याला. हे ओझे कोणाच्या खांद्यावर द्यायचे, ते भाषा निवडतानाच ठरत असते. मुलांनो, तेवढे विसरू नका.