पोटरी : पायातले दुसरे हृदय

आपल्या मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला पोटऱ्या दोन ठाऊक असतात. एक पायाची, दुसरी ज्वारीची. कणीस बाहेर पडण्याआधी ताटाचा शेंडा फुगतो, तेव्हा ज्वारी पोटरीत आली असे आपण म्हणतो. गंमत म्हणजे पायाच्या पोटरीतल्या मोठ्या स्नायूचे शास्त्रीय नाव गॅस्ट्रोक्नेमिअस. हा मूळचा ग्रीक शब्द, आणि त्याचा अर्थ ‘पायाचे पोट’. आपल्या पोटरीतही पोट आहेच.

गुडघ्याखालच्या पायात दोन हाडे असतात. पुढचे जाड हाड म्हणजे नडगी. तिच्या आतल्या अंगाला स्नायूंची गादीच नसते, कातडीखाली लगेच हाड. म्हणून खाटेचा पाय नडगीला लागला की डोळ्यांपुढे काजवे चमकतात. नडगीच्या बाहेरच्या बाजूचे स्नायू चालताना पाऊल वर उचलतात. ते दुबळे झाले तर पाऊल जमिनीला घासते आणि चपलेचे टोक झिजते. अगदी बाहेरच्या कडेचे स्नायू पाऊल कडेला कलू देत नाहीत. अरुंद बांधावरून आपण तोल सांभाळून चालतो, त्यात त्यांचा मोठा वाटा असतो.

मागे पोटरी. तिच्यात मुख्य स्नायू दोन. वरचा गॅस्ट्रोक्नेमिअस मांडीच्या हाडापासून निघतो, म्हणजे तो गुडघा ओलांडून येतो. त्याच्याखाली सोलिअस नावाचा पसरट स्नायू असतो. तो गुडघ्याच्या खालीच सुरू होतो. दोघे मिळून टाचेमागच्या जाड कंडरेने टाचेला जोडलेले असतात. इस्लापूरजवळच्या सहस्रकुंडाला धबधबा पाहून खडकांवरून वर चढताना जो ओरडतो, तो मुख्यतः वरचा. सोलिअस मात्र न थकणारा गडी आहे. आपण नुसते उभे असलो तरी तो आपल्याला पुढे कलू देत नाही.

पण पोटरीचे सर्वांत मोठे काम चालण्याचे नाहीच. हृदयाने पायापर्यंत पाठवलेले रक्त परत वर जायला हवे, तेही चढावर. त्यासाठी पायाच्या शिरांमध्ये एकाच दिशेने उघडणाऱ्या झडपा असतात. इटलीतल्या फॅब्रिसिअस यांनी १६०३ मध्ये या झडपांवर पुस्तिका छापली. त्यांचेच विद्यार्थी विल्यम हार्वे यांनी १६२८ मध्ये रक्ताभिसरण सिद्ध केले, तेव्हा या झडपांचा पुरावा फार मोलाचा ठरला.

पाऊल टाकताना पोटरी आवळते, आतल्या शिरा पिळल्या जातात आणि रक्त वर ढकलले जाते. पोटरी सैल झाली की झडपा मिटतात आणि रक्त खाली घसरत नाही. विहिरीवरच्या हातपंपासारखेच हे आहे. स्तब्ध उभ्या माणसाच्या घोट्याजवळच्या शिरेत रक्ताचा दाब सुमारे ९० मिलिमीटर असतो. चालू लागताच तो ३०च्या आसपास उतरतो. म्हणून पोटरीला दुसरे हृदय म्हणतात. फरक एवढाच, की हे हृदय आपण हललो तरच चालते.

दुकानदार, शिक्षक, भट्टीपुढचा आचारी, वाहतूक पोलीस, हे तासन्‌तास उभे असतात. संध्याकाळी पाय जड होतात, पुढे वर्षांनी निळ्या शिरा फुगतात. त्यांनी दर तासाला पंधरा-वीस वेळा टाचा उचलून टेकवाव्यात. आपल्या भागातून मुंबई-पुण्याला जायचे तर सगळी रात्र बसून जाते. बसल्या जागीही टाचा उचलता येतात. गुडघा वाकलेला असला की वरचा स्नायू ढिला पडतो, सोलिअस मात्र काम करतो. रात्री वांब आला तर गुडघा सरळ ठेवून पायाची बोटे नडगीकडे ओढावीत. ताण बसताच गोळा बहुधा सुटतो.

आता एक कळकळीची गोष्ट. आपल्याकडे पाय दुखला की तेल लावून चोळायची रीत आहे. थकलेल्या पायाला ती चांगलीच. पण एकच पोटरी अचानक सुजली, गरम आणि ठणकणारी झाली, तर हात लावू नका. विशेषतः बाळंतीण, शस्त्रक्रिया झालेला माणूस, प्लास्टर घालून पडून असलेला रुग्ण यांच्या बाबतीत जपा. पंप बंद राहिल्याने आतल्या शिरेत रक्ताची गुठळी झालेली असू शकते. चोळल्याने ती सुटून फुफ्फुसात जाऊन अडकली, तर जीव जाऊ शकतो. शेकू नका, चोळू नका, त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. डॉपलर सोनोग्राफीने निदान होते आणि वेळेत औषध मिळाले तर बहुतेक रुग्ण बरे होतात. अशा रुग्णाला दम लागला किंवा छातीत दुखू लागले, तर क्षणही न दवडता मोठे रुग्णालय गाठा.

दुसरी खूण बिडी ओढणाऱ्यांसाठी. ठरावीक अंतर चालले की पोटरी दुखते आणि थांबले की राहते, असे होत असेल तर ते वय नव्हे. रक्त नेणारी धमनी अरुंद झाल्याची ती सूचना असू शकते. बिडी सोडा आणि तपासून घ्या.

बाळंतिणीला खाटेवर जखडून ठेवण्याचा आग्रह आपल्या घरांत अजून दिसतो, म्हणून मी दवाखान्यात घरच्या वडीलधाऱ्या बायकांना मुद्दाम सांगतो : डॉक्टरांनी परवानगी दिली की तिला अंगणात चार पावले चालू द्या. त्या चार पावलांत तिचे दुसरे हृदय चालू होते.