कल्याणमित्र व्हा, पण नेमाने

(अभ्यासिकेतील किशोर स्वयंसेवकांच्या मेळाव्यात संस्थेच्या वतीने केलेले भाषण)



आपल्या विहारात रोज सायंकाळी 6 ते 8 लहान मुलांची अभ्यासिका भरते. तेथे कोणाची मुले येतात, हे तुम्ही जाणता. कुणाची आई चार घरची धुणीभांडी करते, कुणाचे वडील बिगारी कामासाठी नाक्यावर उभे राहतात. कुणी आजीजवळ राहतो, कारण आईवडील ऊसतोडीला गेले की हंगाम संपेपर्यंत परतत नाहीत. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने 6 ते 14 वर्षांच्या मुलांना मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क मिळाला. मुलांची नावे हजेरीपटावर आली, ही मोठीच गोष्ट झाली. परंतु चौथीतले मूल जोडाक्षरापाशी अडते, तेव्हा घरी विचारायला कोणी नसते. त्या रिकाम्या जागी तुम्ही बसायचे आहे.

तुम्ही म्हणाल, आम्हीच अजून लहान आहोत. पण सावित्रीबाई फुले 1848 साली पुण्यात शिकवू लागल्या, तेव्हा त्यांनाही अठरा वर्षे पूर्ण झालेली नव्हती. त्यांच्या शाळेत शिकलेल्या मुक्ता साळवेने मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध 1855 साली 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. तीही शाळकरी मुलगीच होती.

भगवान बुद्धांना आनंद एकदा म्हणाले की, कल्याणमित्राची संगत म्हणजे निम्मे धम्मजीवन होय. तथागतांनी त्यांना थांबवून सांगितले की, निम्मे नव्हे, ते संपूर्ण धम्मजीवन आहे. ही गोष्ट संयुक्त निकायात आहे. असा एक मित्र आपल्या बाबासाहेबांनाही भेटला. मुंबईच्या चर्नी रोडच्या बागेत पुस्तक घेऊन बसणाऱ्या शाळकरी भीमरावाची कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी आपुलकीने चौकशी केली. पुढे सत्काराच्या सभेत आपण लिहिलेले बुद्धचरित्र त्याला भेट दिले, आणि कॉलेजच्या शिक्षणासाठी बडोद्याच्या सयाजीराव महाराजांकडे शब्दही टाकला. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरात जे घडले, त्याच्या वाटेवर ते एक पुस्तकही आहे, हे आपण विसरू नये.

आता आमची एक चूक सांगतो. पहिल्या वर्षी आम्ही बारा मोठ्या मुलांना मोठ्या उत्साहाने या कामाला लावले. सहामाही परीक्षा आली, मग दिवाळी आली, आणि चारच उरले. तिसरीतला एक मुलगा आपल्या दादासाठी शेजारी दप्तर ठेवून जागा धरायचा. पंधरा दिवस त्याने जागा धरली. आम्ही त्याला दुसरा दादा दिला, तेव्हा तो म्हणाला, "हा पण जाईल ना?" काही दिवसांनी तो स्वतःच यायचा बंद झाला. दोष त्या बारा मुलांचा नव्हता. किती दिवस यायचे आणि परीक्षेत काय करायचे, हे आम्हीच त्यांना विचारले नव्हते.

म्हणून आता चार गोष्टी ठरवल्या आहेत. एका ताईकडे किंवा दादाकडे दोनच मुले. आठवड्यातून दोनच दिवस, पण वर्षभर नेमाने. परीक्षेमुळे येणार नसाल तर मुलाला आधी स्वतः सांगायचे. निरोप पाठवायचा नाही. शिकवायचे ते विहाराच्या सभागृहात, कोणी मोठे माणूस हजर असतानाच. आणि मुलाने मारहाणीची किंवा भीतीची गोष्ट सांगितली, तर ती मनात ठेवू नका, तशीच वस्तीभरही करू नका. लगेच आम्हांला सांगा. मुलांसाठी 1098 हा मदत क्रमांक आहे. पुढची जबाबदारी मोठ्यांची.

यात तुमचेही शिक्षण आहे. नववीतल्या एका मुलीला वजाबाकीतला हातचा समजावून सांगता येईना. दुसऱ्या दिवशी तिने चिंचोके आणले, दहा-दहांच्या पुड्या बांधल्या आणि एक पुडी सोडून दाखवली. लहानगीला ते कळलेच, आणि ताई म्हणाली, "मलाही आजच कळलं." आपण फक्त नियम पाठ केला होता, हे तिच्या ध्यानात आले.

बाबासाहेबांच्या संदेशातला पहिला शब्द 'शिका' हा आहे. जो शिकला त्याने मागच्याला हात दिला नाही, तर तो शब्द अर्धाच राहतो. हे उपकाराचे काम समजू नका. तुमच्या आधीही कुणी तरी तुमच्यासाठी कंदिलाची वात पुढे केली होती.

आज नाव नोंदवण्यापूर्वी घरी जाऊन विचार करा. जमणार नसेल तर तसे मोकळेपणाने सांगा. कोणी रागावणार नाही. पण नाव दिलेत, तर सायंकाळी सहाला दप्तर ठेवून कोणी तरी तुमची जागा धरून बसलेले असेल, एवढे लक्षात ठेवा.

नमो बुद्धाय! जयभीम!