आपल्या पाट्याचा दगड
(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



वर्धापनदिनी पाककलेवर किंवा संतवाङ्मयावर बोलावयाचे सोडून मी दगडावर बोलणार, हे ऐकून कित्येकींना हसू आले असेल. परंतु ज्या काळ्या पाषाणाच्या पाट्यावर आपल्या आज्यांनी वाटणे वाटली, त्याची कुळकथा मोठी अद्भुत आहे. शिवाय तिचा संबंध आपल्या घागरीशी आहे.

पृथ्वीचे कवच अखंड नाही. ते मोठमोठ्या भूपट्टांचे बनलेले आहे आणि हे भूपट्ट अत्यंत मंद गतीने सरकत असतात. सुमारे ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वी आपली भूमी आशियाला जोडलेली नव्हती. ती विषुववृत्ताच्या दक्षिणेकडून उत्तरेकडे चालली होती. वाटेत ती पृथ्वीच्या पोटातील एका अतितप्त जागेवरून गेली. आज त्याच जागेवर हिंदी महासागरातील रेयुनियन बेटाचा जागृत ज्वालामुखी आहे, असे बहुतेक शास्त्रज्ञ मानतात. त्या वेळी जमिनीला लांबच लांब भेगा पडून शिलारस बाहेर आला आणि तव्यावर घावनाचे पीठ पसरावे तसा दूरवर पसरला. एक थर निवला की त्यावर दुसरा, असे थर साचत गेले. आजही सुमारे ५ लक्ष चौरस किलोमीटर प्रदेश या दगडाने व्यापलेला आहे. पुढे हाच भूपट्ट आशियावर आदळला व हिमालय वर आला. म्हणजे हिमालय झाला तो घड्या पडून, आणि आपला सह्याद्री घडला तो थरांवर थर रचून. नंतर पश्चिमेची कड तुटली, उचलली गेली, आणि पावसाने ती कोरून आजचे कडे उभे केले.

घावनाला जाळी पडते, तशी शिलारसातील वायूमुळे प्रत्येक थराच्या माथ्याला जाळी पडते. मधला दगड मात्र घट्ट असतो. अजिंठा-वेरूळची लेणी याच दगडात कोरलेली आहेत. घट्ट थरांचे कडे होतात, मऊ थर झिजून उतार होतात. म्हणून आपले डोंगर पायऱ्यापायऱ्यांचे दिसतात.

आता घागरीकडे वळू. घट्ट पाषाणात पाणी मुरत नाही. ते मुरुमातून, जाळीतून आणि चिरांतून खाली जाते, खाली घट्ट थर लागला की आडवे वाहते आणि डोंगराच्या कुशीत झरा होऊन बाहेर पडते. घाटमाथ्यावर हजारो मिलिमीटर पाऊस पडूनही वैशाखात तेथील वाड्यांवरच्या बाया पाण्यासाठी दरी उतरतात, याचे एक मोठे कारण हेच. आभाळ उदार आहे, पण दगडाचे पोट लहान! आणि खोल कूपनलिकेला पाणी लागले, तरी ते पुष्कळदा शेजारच्या विहिरीच्या चिरेतलेच असते.

हाच मुरूम अतिवृष्टीत भिजून जड झाला की उतारावरून सुटतो. २०१४ साली माळीण, २०२१ साली तळिये व २०२३ साली इर्शाळवाडी येथे दरडींखाली घरेच्या घरे गेली. हा सारा इतिहास आपल्याच डोंगरांचा आहे.

तेव्हा मंडळाने या वर्षी तीन कामे हाती घ्यावीत, अशी माझी विनंती आहे. पहिले, गावच्या झऱ्यांची व विहिरींची वही ठेवावी. कोणत्या महिन्यात पाणी किती, हे लिहावे. दुसरे, झऱ्याच्या वरच्या अंगाची झाडे राखावीत आणि तेथे मुरुमाची खाण होऊ देऊ नये. तिसरे, पावसाळ्यात डोंगराच्या उतारावर नवी भेग दिसली, झाडे कलली किंवा झऱ्याचे पाणी एकाएकी गढूळ झाले, तर "सकाळी पाहू" न म्हणता शेजारणींना उठवावे, मुलेबाळे घेऊन सुरक्षित जागी जावे आणि तहसील कचेरीस कळवावे.

हे काम आपल्याला जमेल काय, अशी शंका कोणी घेईल. पण कोणता झरा फाल्गुनात आटतो आणि कोणता मृगापर्यंत टिकतो, हे रोज पाणी भरणारीइतके दुसऱ्या कोणाला ठाऊक आहे? विहीर कोठे खणावयाची याचा निर्णय गावात होईल, त्या बैठकीत ही वही घेऊन आपण गेले पाहिजे.