मदत आटली, आता दामाचे बोला

(कोरडवाहू भागातील कापूस व ज्वारी उत्पादकांच्या वसई येथील बैठकीत केलेले भाषण)



तुम्ही विदर्भ-मराठवाड्यातून इतक्या लांब आलात. इथे वसईत ना कापूस, ना ज्वारी. इथे केळी, भाजीपाला, मिठागरे आणि रोज वाढणाऱ्या इमारती. मग बैठक इथे का? कारण परदेशी मदत म्हणजे काय, हे या पालघर जिल्ह्यात डोळ्यांनी बघता येते. मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेन याच जिल्ह्यातून जाते. विरार आणि बोईसर ही तिची दोन स्टेशने.

२०१७ साली या गाडीची पायाभरणी झाली. तेव्हा खर्चाचा अंदाज सुमारे १ लाख ८ हजार कोटी रुपयांचा होता. त्यातले ८१ टक्के जपानची जायका ही संस्था कर्जाऊ देणार. व्याज फक्त ०.१ टक्का, फेड ५० वर्षांत, पहिली १५ वर्षे सूट. ऐकायला गोड आहे. पण कर्ज येनमध्ये. येन महागला तर वाढीव भार कुणाचा? आपला. कर्जासोबत गाडीचे तंत्र घ्यायचे ठरले, तेही जपानचेच. म्हणजे पैसा त्यांचा, गिऱ्हाईक आपण आणि जमीन शेतकऱ्याची. सरकारच्या स्वतःच्या प्रकल्पासाठी २०१३ च्या भूसंपादन कायद्यातही शेतकऱ्याची संमती लागत नाही. वाटाघाट दिल्ली आणि टोकियोत होते, सातबारा कोरा होतो पालघरला.

आवळा देऊन कोहळा काढण्याची ही रीत नवी नाही. अमेरिकेने १९५४ साली पीएल-४८० कायदा केला. त्यांच्या शेतकऱ्यांचा न खपणारा माल बाहेर काढायचा, हा त्यामागचा मोठा हेतू. १९५६ साली आपण करार केला आणि स्वस्त गहू येऊ लागला. शहराला भाकरी स्वस्त मिळाली, पण इथल्या शेतकऱ्याचा भाव दबला. १९६५-६६ च्या दुष्काळात अध्यक्ष जॉन्सन यांनी एकेका जहाजाचा हिशेब करून धान्य सोडले. ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी, हे त्यांना दाखवायचे होते. आणि १९७२ च्या दुष्काळात ज्वारीच्या या मुलखात रेशनवर लाल मिलो आली. आपल्या घरच्या म्हाताऱ्यांना तिची चव अजून आठवते.

आता ही मदतही आटते आहे. श्रीमंत देशांनी उत्पन्नाच्या ०.७ टक्के मदत द्यावी, असे संयुक्त राष्ट्रांत १९७० साली ठरले. बहुतेकांनी ते कधी पाळलेच नाही. २०२५ च्या जानेवारीत अमेरिकेने परदेशी मदत रोखली आणि १ जुलैला १९६१ पासूनची यूएसएड ही संस्था बंद केली. ब्रिटनने २०२७ पर्यंत आपला वाटा ०.५ वरून ०.३ टक्क्यांवर आणायचे जाहीर केले. आफ्रिकेतल्या दवाखान्यांची औषधे त्यामुळे तुटली. त्यात आनंद मानण्यासारखे काही नाही.

आपल्याला यातून झळ कुठे लागेल? ज्वारी, बाजरी, तूर, हरभरा यांवर संशोधन करणारी इक्रिसॅट १९७२ पासून हैदराबादजवळ पाटणचेरूला आहे. अशा संस्था देणगीदार देशांच्या पैशांवर चालत आल्या, त्यांत अमेरिका मोठी. कोरडवाहूच्या बियाण्यात खाजगी कंपनीला फारसा नफा दिसत नाही. तो खर्च आता आपल्या सरकारने उचलला पाहिजे. हा उपकार नाही, कोरडवाहू शेतकऱ्याचे जुने देणे आहे.

पण खरा प्रश्न मदतीचा नाही, भावाचा आहे. कापसाचेच पहा. बेनिन, बुर्किना फासो, चाड आणि माली हे आफ्रिकेतले चार गरीब देश. त्यांना अमेरिका एका हाताने मदत देई आणि दुसऱ्या हाताने स्वतःच्या कापूसवाल्यांना अनुदान देऊन जगाचा भाव पाडी. २००३ साली हे चार देश जागतिक व्यापार संघटनेत उभे राहिले. म्हणाले, दान नको, अनुदाने थांबवा. ब्राझीलने तर २००२ मध्येच तक्रार गुदरली आणि जिंकली. शेवटी २०१४ साली अमेरिकेने ३० कोटी डॉलर मोजून ते भांडण मिटवले. हात पसरणाऱ्याला मिलो मिळते, हिशेब मागणाऱ्याला डॉलर मिळतात.

आपल्या घरचा हिशेबही तितकाच वाकडा आहे. १९ ऑगस्ट २०२५ पासून केंद्राने कापसावरचे ११ टक्के आयातशुल्क काढले, ते आधी सप्टेंबरअखेरपर्यंत, मग डिसेंबरअखेरपर्यंत. म्हणजे नेमका आपला कापूस वेचून बाजारात यायचा हंगाम. गिरणीला माल स्वस्त हवा, म्हणून दार उघडले. आणि भाव चढला की निर्यात अडवतात, हेही आपण पाहिले आहे. लुटणारा परदेशी असो की देशी, लुटीचे अर्थशास्त्र एकच.

तेव्हा या बैठकीतून तीन गोष्टी गावाला घेऊन जा. एक, परदेशी कर्जावरचा कोणताही प्रकल्प गावात आला, तर कर्ज कुणाचे, अटी कोणत्या, हे ग्रामसभेत लेखी मागा. २०१८ मध्ये गुजरातच्या शेतकऱ्यांनी थेट जायकाकडे तक्रार नेली. कर्ज देणाऱ्याचेही काही नियम असतात, त्यावर बोट ठेवता येते. दोन, ज्वारी आणि कापसाच्या संशोधनाला सरकारी पैसा किती, हे आमदार-खासदारांना विचारा. तीन, आयात-निर्यातीचे धोरण पेरणीच्या आधी जाहीर व्हावे आणि हंगामात बदलू नये, असा ठराव प्रत्येक गावाने करावा.

जगाची मदत राहो की जावो, भीक आपण कधी मागितलीच नव्हती. आपण मागतो ते घामाचे दाम. ते मिळाले, तर या देशाला कुणाकडे वाडगा घेऊन जावे लागणार नाही.