प्राणिप्रयोग समितीवर एक मास्तर

(संस्थेच्या वार्षिक समारंभातील भाषण)



संस्थेच्या चिटणीसांनी मला आमंत्रण दिले तेव्हा मी शिक्षणाच्या महत्त्वावर बोलावे अशी त्यांची इच्छा होती. त्या विषयावर बोलणारे पुष्कळ आहेत. मी गेली काही वर्षे शेजारच्या जिल्ह्यातील एका विद्यापीठाच्या प्राणिप्रयोग नीतिसमितीवर काम करतो. त्याविषयी आपणांस चार शब्द सांगावेत असे मनाने घेतले. कारंजाचा एक निवृत्त मराठीचा मास्तर शास्त्रज्ञांच्या समितीत काय करतो, असा प्रश्न आपणांस पडेल. पहिल्या बैठकीत तो मलाही पडला होता.

कारंजा-सोहोळच्या अभयारण्यातील काळविटाला हात लावला तर तुरुंग दिसतो, हे आपल्याकडे शाळकरी पोरही जाणते. पण प्रयोगशाळेतल्या पांढऱ्या उंदरालाही कायदा आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा कायदा १९६० साली झाला. त्यामागे राज्यसभेच्या सदस्या रुक्मिणीदेवी अरुंडेल यांचे प्रयत्न होते. त्या कायद्याने प्राण्यांवरील प्रयोगांना बंदी केली नाही, देखरेख ठेवली. पुढे १९९८ साली, म्हणजे ज्या वर्षी आपला वाशिम जिल्हा अकोल्यापासून वेगळा झाला त्याच वर्षी, प्रयोगांविषयीचे सविस्तर नियम निघाले. त्यानुसार प्राण्यांवर प्रयोग करणाऱ्या प्रत्येक संस्थेला नोंदणी करावी लागते आणि स्वतःची नीतिसमिती ठेवावी लागते.

या समितीत जीवशास्त्राचे जाणकार असतात, पशुवैद्य असतो, प्राणिगृहाचा प्रमुख असतो, बाहेरच्या संस्थेतला एक शास्त्रज्ञ असतो आणि केंद्रीय समितीचा प्रतिनिधी असतो. याखेरीज एक सदस्य असा असतो की जो शास्त्रज्ञ नाही, पण समाजाचे भान असलेला आहे. ती जागा माझी. तिची नेमणूक विद्यापीठ करीत नाही, केंद्रीय समिती करते. म्हणून कुलगुरूंच्या मर्जीची मला चिंता नसते, आणि चहा मात्र त्यांचाच पितो!

काम कसे चालते ते सांगतो. ज्याला प्रयोग करावयाचा आहे त्याने एक अर्ज भरावयाचा. त्याला ‘फॉर्म बी’ म्हणतात. कोणता प्राणी, किती, कोठून आणणार, त्याला काय टोचणार, वेदना झाल्यास भूल कोणती, शेवटी त्याला कसे मारणार आणि मृतदेहाचे काय करणार, हे सारे त्यात लिहावे लागते. प्राण्याशिवाय हे काम होणार नाही का, याचेही उत्तर द्यावे लागते. उंदीर, ससा यांसारख्या लहान प्राण्यांचा निर्णय आम्ही करतो. कुत्रा, माकड यांसारख्या मोठ्या प्राण्यांचा अर्ज केंद्रीय समितीकडे जातो.

आता एक प्रसंग. समितीतले कागद बाहेर सांगावयाचे नसतात, म्हणून तपशील थोडा बदलून सांगतो. आपल्याच जिल्ह्यातला, आपल्याच समाजातला एक होतकरू मुलगा. औषधनिर्माणशास्त्रात पीएच.डी. करतो. एका झाडाच्या पानांचा अर्क मधुमेहावर चालतो काय, हे त्याला पाहावयाचे होते. त्यासाठी उंदरांना एक रसायन टोचून त्यांच्या स्वादुपिंडातील इन्शुलिन तयार करणाऱ्या पेशी नष्ट करतात, म्हणजे उंदराला मधुमेह होतो. मग काहींना अर्क, काहींना नेहमीची गोळी, काहींना काहीच नाही. दोन प्रकारचे अर्क, प्रत्येकाच्या दोन मात्रा. एकूण सात गट, गटात सहा. बेचाळीस उंदीर.

बैठकीच्या आदल्या रविवारी त्याचे वडील माझ्या घरी आले. जुनी ओळख. म्हणाले, "मास्टर साब, पोराचं काम अडू देऊ नका. उंदीरच तर आहेत. घरात आपण पिंजरा लावतोच ना?" ते स्वतः साखरेची गोळी रोज घेतात. मला उत्तर सुचले नाही. चहा पाजून त्यांना निरोप दिला आणि रात्री तो अर्ज पुन्हा काढून वाचला.

मंडळी, त्यांच्या म्हणण्यात काहीच तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. १९२१ साली टोरांटोला बँटिंग आणि बेस्ट यांनी इन्शुलिनचे काम केले ते कुत्र्यांवर. पावसाळ्यात शेतात घोणस किंवा मण्यार चावली की आपण रुग्णाला घेऊन दवाखान्याकडे धावतो. तिथे जे औषध टोचतात ते घोड्याच्या रक्तातून काढलेले असते, आणि त्याची ताकद उंदरांवर तपासलेली असते. ज्याच्या घरचा माणूस त्या औषधाने वाचला आहे, त्याच्यासमोर सगळे प्रयोग बंद करा असे म्हणण्याची माझी छाती नाही. पण घरातला उंदीर आपल्या धान्यावर येतो. प्रयोगशाळेतला उंदीर आपण मुद्दाम पैदा करतो आणि मुद्दाम आजारी पाडतो. हाफकिन यांनी १८९७ साली मुंबईत प्लेगची लस प्रथम स्वतःला टोचून घेतली, ती स्वतःच्या राजीखुशीने. उंदराची राजीखुशी कोण विचारतो? तहानलेल्या कुत्र्याला पाणी पाजणाऱ्याची आणि मांजर कोंडून उपाशी मारणाऱ्या बाईची हदीस आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. कोंडलेल्या जिवाचा जाब कोंडणाऱ्याला द्यावा लागतो, एवढे तरी त्यातून मी शिकलो.

बैठकीत मी विचारले, बेचाळीसच का? वीस का नाहीत? माझा समज असा होता की संख्या जितकी कमी तितके पुण्य. समितीतल्या बाईंनी मला समजावले की गटात फारच थोडे प्राणी घेतले तर फरक औषधाने पडला की योगायोगाने, हेच कळत नाही. मग वीसही फुकट जातात आणि पुढे दुसरा कोणी पुन्हा वीस मारतो. हे ऐकून मी खजील झालो. दया करावयाची तर थोडे गणितही यावे लागते.

तरी माझा दुसरा प्रश्न टिकला. दोन्ही अर्क उंदरावरच का पाहावयाचे? परीक्षानळीत आधी काही कळणार नाही काय? पशुवैद्यांनी मान डोलावली. पिष्टाची साखर करणाऱ्या पाचकद्रव्याला अर्क अडवतो का, हे नळीतही तपासता येते. प्राण्याऐवजी दुसरे साधन वापरा, संख्या कमी करा, त्रास कमी करा, ही तीन सूत्रे रसेल आणि बर्च या इंग्रज शास्त्रज्ञांनी १९५९ सालीच मांडली होती. मला ती ठाऊक नव्हती. प्रश्न साधा होता म्हणून सुचला.

तिसरा प्रश्न तुसाचा. मधुमेह झालेला उंदीर पाणी फार पितो आणि लघवी फार करतो. पिंजऱ्यातले तूस रोज ओले होणार. ईद आणि दिवाळीच्या सुटीत ते कोण बदलणार? अर्जात याचा उल्लेख नव्हता. आणि प्राणिगृहाचे तापमान १८ ते २९ अंशांच्या दरम्यान ठेवावे असा दंडक आहे. आपल्या वऱ्हाडात मे महिन्यात पारा बेचाळीसच्या वर जातो आणि त्यातच वीज जाते. जनरेटर आहे काय? डिझेल कोण भरतो? खोलीत क्षणभर शांतता पसरली. जनरेटर बिघडलेला होता.

अर्ज परत पाठविला गेला. मुलाचे वडील दोन महिने माझ्याशी बोलले नाहीत. मशिदीतून बाहेर पडताना नजर चुकवीत. मला वाईट वाटले, खोटे कशाला सांगू. मुलगा मात्र एकदा घरी आला. रागावलेला होता, पण वही घेऊन आला होता. नळीतल्या तपासणीत दोनपैकी एका अर्काचा काहीच उपयोग दिसला नव्हता. "सर, हा मी उंदरांना उगीच पाजला असता," एवढेच तो म्हणाला.

विद्यार्थी मित्रहो, आमच्या वेळी बेडूक फाडल्याशिवाय प्राणिशास्त्राची परीक्षा होत नसे. २०१४ साली विद्यापीठ अनुदान आयोगाने ते विच्छेदन थांबवावयास सांगितले. बेडूक वाचले, पण संशोधनातले प्राणी आहेतच, आणि तुमच्यापैकी कोणी औषधशास्त्राला, कोणी पशुवैद्यकाला जाईल. मार्गदर्शक म्हणतील, अर्ज मागच्याचाच उतरवून काढ. तसे उतरवलेले अर्ज आम्हांला दिसतात. एकात तर आधीच्या मुलाचे नावही तसेच राहिले होते. पालकांनाही विनंती, की मुलाचा अर्ज समितीपुढे असेल तर सदस्याच्या घरी जाऊ नका. मुलाला म्हणा, प्रत्येक आकड्याचे कारण तोंडपाठ ठेव.

त्या मुलाचा अर्ज दुसऱ्या बैठकीत मंजूर झाला. पाच गट, गटात सहा, तीस उंदीर. सुटीतल्या कामाची पाळी त्याने स्वतःच्या नावासह लिहून दिली. जनरेटर विद्यापीठाने अद्याप घेतलेला नाही, उन्हाळ्यापुरता भाड्याने आणतात.