मनाचे दुखणे आणि ‘आपल्यातला’ वैद्य

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आपल्या चिटणिसांचे निमंत्रणपत्र मिळाले तेव्हा त्यात दोन गोष्टी होत्या. मनाच्या आजारांविषयी चार शब्द बोलावे, ही एक. दुसरी अशी की, आपल्या ज्ञातीतील मानसोपचारकांची एक यादी करून द्यावी, म्हणजे ती स्मरणिकेत छापता येईल. कारण, पत्रातील शब्द असे होते की, ‘आपली माणसे आपल्या चालीरीती जाणतात.’ या दुसऱ्या विनंतीने मला बरेच दिवस विचारात पाडले. आजचे माझे भाषण हे वस्तुतः त्या एका वाक्याचे उत्तर आहे.

त्या वाक्यात तथ्य आहे, हे प्रथम मान्य करतो. ताप सर्वांना सारखाच चढतो. परंतु मनाचे दुखणे मनुष्य आपल्या घरात शिकलेल्या भाषेतच सांगतो. आपल्याकडील बाई ‘मला नैराश्य आले आहे’ असे म्हणत नाही. ती म्हणते, जिवाला घोर लागला आहे, पोटात कालवते, कशात जीव रमत नाही. पुष्कळदा तीही भाषा सुचत नाही, मग देहच बोलू लागतो. सभेत संकोच वाटला तरी एक उदाहरण देतो. अंगावरून पांढरे जाण्याच्या तक्रारीचा गोव्यात अभ्यास झाला. तेव्हा या तक्रारीचा संबंध जंतुसंसर्गापेक्षा मनाच्या क्लेशांशी अधिक आढळला. जो वैद्य केवळ औषधाची चिठ्ठी लिहील, त्याच्या कानांवरून ते दुःख निसटून जाईल.

ही जाणीव आपल्या देशात नवी नाही. कलकत्त्याचे डॉ. गिरींद्रशेखर बोस यांनी १९२२ साली भारतीय मनोविश्लेषण संस्था स्थापिली. त्यांचा व्हिएन्नाच्या फ्रॉइड यांच्याशी पत्रव्यवहार होता. युरोपीय रुग्णांत जी एक भीती फ्रॉइड यांना ठळकपणे दिसली, ती आपल्या भारतीय रुग्णांत तितकीशी ठळक दिसत नाही, असे बोस यांनी त्यांना १९२९ साली कळविले. गुरूचा आदर राखूनही त्यांनी आपल्या रुग्णांचे ऐकले, ही गोष्ट मला मोठी वाटते.

याहून बोधप्रद हकिकत अल्जेरियातील आहे. फ्रांझ फॅनन हा मार्तिनिक बेटावर जन्मलेला कृष्णवर्णीय डॉक्टर १९५३ साली ब्लिदा येथील मनोरुग्णालयात रुजू झाला. तेव्हा त्या देशावर फ्रेंचांचे राज्य होते. फॅनन नव्या विचारांचा होता. रुग्णांना कोंडून न ठेवता त्यांचे लहानसे समाजजीवन उभारावे, सभा भरवाव्या, वार्तापत्र काढावे, चित्रपट दाखवावे, हस्तव्यवसाय शिकवावे, ही त्याची पद्धत. युरोपीय स्त्रियांच्या विभागात तिला काही महिन्यांतच यश आले. तीच पद्धत त्याने मुसलमान पुरुषांच्या विभागात लावली आणि ती साफ फसली. सभांना कोणी येईना. विणकाम तर बायकांचे, म्हणून हातात कोणी धरीना. फॅननला अरबी येत नव्हते, दुभाष्यावाचून त्याचे पान हलत नसे. परंतु त्याने रुग्णांना आळशी अथवा रानटी ठरविले नाही. चूक माझी झाली, असे १९५४ साली सहकाऱ्यासह लेख लिहून जाहीरपणे कबूल केले. मग त्या आवारात त्यांच्या रीतीचे कॉफीगृह निघाले, त्यांचे सण साजरे होऊ लागले, गोष्टी सांगणारा कथेकरी येऊ लागला. आणि माणसे हळूहळू बोलती झाली. वरिष्ठांनी केलेली चूक छापून प्रसिद्ध करण्याची चाल आपल्या कचेऱ्यांत अद्याप रूढ व्हावयाची आहे, हे जाता जाता नमूद करतो.

माझी स्वतःची चूकही सांगितली पाहिजे. व्यवसायाच्या आरंभीच्या काळात एक सून माझ्याकडे येत असे. (तिची ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) सासूच्या बोलण्याने ती खचली होती. मी परदेशी ग्रंथांतून नुकताच शिकलेला धडा तिला दिला: आपले म्हणणे तोंडावर, स्पष्ट शब्दांत सांगावयाचे. तिने सांगितले. त्या रात्री घरात जे झाले त्यानंतर ती पंधरा दिवस माहेरी होती आणि माझ्याकडे पुन्हा कधी आली नाही. धडा खोटा नव्हता. पण त्या घरात सुनेचे म्हणणे धाकट्या नणंदेच्या तोंडून सासूपर्यंत पोहोचते, ही तेथील जुनी वाट होती. आणि मी ती विचारलीच नव्हती. परदेशी विचार आपल्याकडे रुजत नाहीत, असा याचा अर्थ कोणी काढू नये. अमेरिकेतील अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ उपचारपद्धती कि. मो. फडके यांनी महाराष्ट्रात आणली आणि मराठीत सुबोधपणे मांडली. तिचा लाभ असंख्य मराठी माणसांनी घेतला आहे.

घर हे दुखण्याचे मूळ असू शकते, तसेच ते औषधही असते. अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी १९५० नंतरच्या दशकात आवारात तंबू ठोकून रुग्णांच्या नातलगांना त्यांच्यासमवेत राहावयास बोलाविले. रुग्णाला टाकून जाणारे नातलग त्याची शुश्रूषा करू लागले, आणि घरी परतताना आजाराविषयीची समजूतही बरोबर घेऊन गेले. पुढे वेल्लोर व बंगळूर येथेही नातलगांना सोबत ठेवण्याची प्रथा चालली.

मात्र संस्कृतीचा मान राखणे म्हणजे तिच्या नावाने चाललेले सर्व काही सोसणे नव्हे. ‘बाहेरचे आहे’ असे म्हणणाऱ्या आईला मी हसत नाही. तिला काय वाटते ते ऐकतो, आणि देवळात नवस बोलली असेल तर तो खुशाल फेडू देतो. पण तामिळनाडूतील एरवाडी येथे २००१ च्या ऑगस्टमध्ये आग लागली तेव्हा साखळदंडांनी जखडलेले २८ रुग्ण पळता न आल्याने मृत्यू पावले, हे कसे विसरावे? २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने मनोरुग्णास साखळीने बांधण्यास मनाई केली आहे. तेथे श्रद्धेची सबब चालत नाही.

आता यादीकडे येतो. काही वर्षांपूर्वी आपल्याच ज्ञातीतील एक तरुणी माझ्याकडे आली. आडनाव ऐकताच मी सवयीने विचारले, ‘मूळ गाव कोणते? अमक्यांच्या नात्यातल्या का?’ मला वाटले, परकेपणा दूर होईल. तिचा चेहरा एकदम मिटला. तासभर ती परीक्षेविषयी बोलली. दुसऱ्या भेटीला आलीच नाही. पुष्कळ दिवसांनी तिचे पत्र आले: ‘आपण आपल्यातले निघालात, म्हणून मला बोलता आले नाही. माझे शब्द लग्नाच्या मांडवात पोहोचतील असे वाटले. आता दुसऱ्या भाषेच्या एका बाईंकडे जाते. त्यांना सारे मुळापासून समजावून द्यावे लागते, आणि ते समजावताना माझे मलाच उलगडते.’

त्या पत्राने मला जितके शिकविले तितके कोणत्याही ग्रंथाने शिकविले नसेल. आपली माणसे आपल्या चालीरीती जाणतात, हे खरे; पण म्हणूनच त्यांची धास्तीही वाटते. शिवाय जाणतो असे वाटू लागले की मनुष्य विचारावयाचे थांबतो. एकाच ज्ञातीत गिरगावातले घर निराळे आणि घाटावरचे निराळे. एकाच घरात आजी निराळी, नात निराळी. अमेरिकन मनोचिकित्सकांच्या संघटनेने २०१३ साली आपल्या निदानग्रंथात सोळा प्रश्नांची एक मुलाखत घातली आहे. तुमच्या त्रासाला तुम्ही काय म्हणता? तो कशामुळे झाला असे तुमच्या घरच्यांना वाटते? प्रश्न असे साधे आहेत. वैद्य आपल्यातला असो वा परका, त्याने ते विचारावे लागतात.

आणि धास्ती निराधार आहे, असे आपण छातीवर हात ठेवून म्हणू शकतो का? माझी एक आत्या होती. तिला आवाज ऐकू येत. घरात सोयरिकीची बोलणी निघाली की पाहुणे येण्याच्या आदल्या दिवशी तिला गावी पोहोचविले जाई. चौदा-पंधरा वर्षांचा असताना दोनदा मीच तिला एस. टी. ने नेऊन सोडले. ‘माझ्यामुळे अडते का रे?’ असे तिने मला गाडीत विचारले होते. मी खिडकीबाहेर पाहत राहिलो. आजही माझ्याकडे अशी कुटुंबे येतात की जी मुलीच्या लग्नाच्या आधी तिच्या गोळ्या बंद करतात, सासरी डबीत दिसू नयेत म्हणून. मग सहा महिन्यांनी तिला माहेरी आणून सोडले जाते, आणि फसवणूक झाली म्हणून दोन्ही घरांत वैर उभे राहते.

यास्तव कार्यकारिणीस माझी विनंती अशी. यादी ज्ञातीची करू नये. त्याऐवजी शासनाच्या ‘टेली-मानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक स्मरणिकेच्या पहिल्या पानावर छापावा; तेथे मराठीतूनही बोलता येते. वधूवर मेळाव्याच्या पत्रिकेत आपण उंची, वर्ण व गोत्र विचारतो. दोन्ही घरांनी प्रकृतीविषयी लग्न ठरण्यापूर्वी खासगीत, मोकळेपणाने बोलावे, एवढी एक ओळ त्याच पत्रिकेत तळाशी घालावी. आणि उपचार घेणाऱ्या मुलामुलींचे नाव मेळाव्यातून वगळण्याची जी अलिखित चाल आहे, तिचा विचार या वर्षीच्या सर्वसाधारण सभेत व्हावा. ठराव मांडण्यास मी तयार आहे, अनुमोदक हवा.