शोमरोनातील विहीर

(दौंड येथे बौद्ध व ख्रिस्ती बांधवांच्या संयुक्त सभेत केलेले भाषण)



येशू ख्रिस्ताचे चरित्र व शिकवण हा विषय एका बौद्ध वकिलाच्या हाती देऊन सभेच्या चालकांनी थोडे धाडसच केले आहे. मी धर्मोपदेशक नाही. कागद वाचणे आणि त्यातून हक्काचा प्रश्न शोधणे हा माझा धंदा. शुभवर्तमानेही मी त्याच दृष्टीने वाचली, हे प्रथमच सांगून टाकतो.

नासरेथच्या सुताराच्या घरात वाढलेला हा मनुष्य गालील प्रांतात गावोगाव हिंडला. ज्यांना कोणी शिवत नसे अशा कुष्ठरोग्यांना त्याने हात लावला, ज्यांच्या पंक्तीस बसणे भ्रष्टाचार समजला जाई अशा जकातदारांबरोबर तो जेवला, आणि यरुशलेमच्या मंदिरात देवाच्या नावावर चाललेला सराफांचा बाजार त्याने उधळून लावला. याचे फळ त्याला क्रूसावर मिळाले. रोमन सुभेदार पिलात याने आरोपीत दोष नाही असे भर सभेत सांगितले आणि जमावाच्या भीतीने शिक्षाही फर्माविली. पाण्याने हात धुऊन न्यायासनावरून उठणारा असा न्यायाधीश त्या काळाबरोबरच संपला, असे माझ्या व्यवसायातील कोणी छातीठोकपणे सांगेल असे मला वाटत नाही.

परंतु आज मला या सर्व चरित्रातील एकच दुपार आपणांपुढे ठेवावयाची आहे. शोमरोन प्रांतातील सुखार गावाजवळ याकोबाची विहीर होती. भर दुपारी, चालून थकलेला येशू तिच्या काठावर बसला. शिष्य अन्न विकत घेण्यासाठी गावात गेले होते. इतक्यात एक शोमरोनी स्त्री घागर घेऊन आली. यहुदी लोक शोमरोन्यांना हीन लेखीत, त्यांच्याशी भांड्याचा व्यवहार ठेवीत नसत. त्या स्त्रीजवळ येशूने पाणी मागितले. ती चकित झाली. तू यहुदी असून माझ्याकडे पाणी कसे मागतोस, असे तिने विचारले. बंधूंनो, एका लहानशा तपशिलाकडे आपण लक्ष द्यावे: विहीर खोल होती आणि येशूजवळ पोहरा नव्हता! आपल्या आज्या-पणज्या घागरी घेऊन विहिरीपासून दूर उभ्या राहत, आणि कोणी सवर्ण दयाळू झालाच तर वरून ओतलेले पाणी घेऊन परतत. येथे सगळे उलटे आहे. उच्च म्हणविणाऱ्या समाजाचा पुरुष वाट पाहत बसला आहे आणि घागर तिच्या हाती आहे. पुढे त्या गावकऱ्यांच्या आग्रहावरून तो दोन दिवस त्यांच्याच वस्तीत राहिला. प्रवचनापेक्षा हे दोन दिवस मला मोठे वाटतात.

आमच्या उपासकांना ही कथा ऐकताना दुसरी एक विहीर आठवली असेल. तथागतांचा शिष्य आनंद याने प्रकृती नावाच्या चांडालकन्येजवळ असेच पाणी मागितले. तिने आपली जात सांगताच, मी जात विचारली नाही, पाणी मागितले, असे तो म्हणाला. बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात तिच्या धम्मदीक्षेला जागा दिली ती उगीच नव्हे. चवदार तळ्याचे पाणी १९२७ साली पिणाऱ्याला आणि त्या पाण्याच्या हक्कासाठी १९३७ पर्यंत कोर्टात झगडणाऱ्याला पाण्याची किंमत कोणी शिकवावी लागत नव्हती.

त्या शोमरोनी स्त्रीचा आपल्या तालुक्याशीही संबंध आहे. दौंडहून पुण्याकडे जाताना केडगाव लागते. तेथील मुक्तिसदनाच्या संस्थापिका पंडिता रमाबाई या अनंतशास्त्री डोंगरे यांच्या कन्या. संस्कृत पांडित्याबद्दल १८७८ साली कलकत्त्याने त्यांचा गौरव केला. शास्त्रांत स्त्रिया व शूद्र यांना मोक्षाचा अधिकार कसा नाकारला आहे, हे त्यांनी मूळ ग्रंथांतूनच जाणले होते. १८८३ साली इंग्लंडात, समाजाने टाकलेल्या स्त्रियांची सेवा करणाऱ्या भगिनींचा आश्रम पाहून त्यांनी या करुणेचे मूळ विचारले, तेव्हा त्यांना हीच शोमरोनी स्त्रीची कथा सांगण्यात आली. त्याच वर्षी त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढे हिब्रू व ग्रीक शिकून त्यांनी संपूर्ण बायबल सोप्या मराठीत आणले. ते केडगावीच छापले गेले, आणि १९२२ साली त्यांच्या निधनानंतर १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले. ब्राह्मण विदुषीला जी कथा पटली, ती विहिरीपासून हाकलल्या गेलेल्यांना पटली तर त्यात नवल ते काय?

आता शिरूरकडे वळू. ज्या शिरूरच्या छावणीतून ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री कोरेगावकडे पलटण निघाली, त्याच घोडनदीकाठच्या शिरूरला पुढे अमेरिकन मराठी मिशनचे ठाणे झाले. १८१३ साली मुंबईत आणि १८३१ साली अहमदनगरला पाय रोवलेल्या या मिशनने शिरूरला शाळा काढल्या, हातास उद्योग शिकविला. तेथे जे ख्रिस्ती झाले त्यांत महार व मांग बांधवच अधिक. ‘पोटासाठी बाटले’ असा टोमणा त्यांना शंभर वर्षे ऐकावा लागला. तो मारणाऱ्यांनी या लोकांच्या पोटाची चिंता तत्पूर्वी कधी वाहिली होती, हे मात्र कोणी सांगत नाही. आपणही १९५६ नंतर तऱ्हेतऱ्हेचे टोमणे ऐकले आहेत. निदान आपल्या तोंडी तरी तो शब्द नसावा.

मतभेद मी लपवीत नाही. १९३८ च्या आरंभी सोलापूरला ख्रिस्ती बांधवांसमोर बोलताना बाबासाहेबांनी बुद्ध आणि ख्रिस्त या दोन व्यक्तींनी आपले मन ओढून घेतल्याचे सांगितले. त्याच भाषणात दक्षिणेतील चर्चमध्ये पाळल्या जाणाऱ्या जातीवर आणि ख्रिस्ती समाजाच्या राजकीय उदासीनतेवर त्यांनी बोटही ठेवले. येशूने स्वतःला देवाचा पुत्र म्हणविले; बुद्धाने स्वतःसाठी असे स्थान मागितले नाही, तो मार्गदाता आहे, मोक्षदाता नव्हे. म्हणून आम्ही बुद्धाकडे गेलो. परंतु ज्याच्या मार्गाने आम्ही गेलो नाही, त्याच्या विहिरीवर आमचे भाऊबंद गेले, एवढ्याने ते परके होत नाहीत.

कायद्याने मात्र त्यांना परके केले आहे. समजा, घोडनदीकाठच्या एका गावात एकाच महार कुटुंबाच्या दोन शाखा आहेत. एकीने १९५६ नंतर धम्मदीक्षा घेतली, दुसरी तत्पूर्वीच ख्रिस्ती झाली. घरे शेजारी, आडनाव एक, आणि गावाची नजरही एकच. परंतु १९५० च्या राष्ट्रपतींच्या अनुसूचित जाती आदेशातील तिसऱ्या परिच्छेदाने हिंदूखेरीज इतरांस यादीबाहेर ठेवले. १९५६ साली शिखांना आत घेतले. बौद्धांना राज्याने सवलती दिल्या तरी केंद्राचे दार १९९० पर्यंत बंदच होते. ख्रिस्ती झालेल्यांना ते आजही बंद आहे. अत्याचार झाला तर १९८९ च्या कायद्याचे संरक्षण मागतानाही हाच परिच्छेद आड येतो. सूसै नावाच्या चर्मकार ख्रिस्ती बांधवाच्या प्रकरणात १९८५ साली सर्वोच्च न्यायालयाने, नव्या धर्मातही तितक्याच तीव्रतेची हीनता सोसावी लागते याचा पुरावा मागितला. २००७ साली रंगनाथ मिश्र आयोगाने हा परिच्छेदच काढावा असे सुचविले. २०२२ साली न्यायमूर्ती बालकृष्णन यांचा आयोग याच प्रश्नासाठी नेमला गेला.

तुमच्या धर्मात जात नाही, मग सवलत कशाला, हा युक्तिवाद आपल्या परिचयाचा आहे. तो आपल्याविरुद्ध चौतीस वर्षे वापरला गेला. धम्म जात मानीत नाही हे खरे. पण धर्म बदलल्याने गावाने पाळलेली जात पुसली जात नाही, हे १९९० च्या दुरुस्तीने मान्य केले. तेच तत्त्व शेजारच्या घराला लागू का नसावे, याचे पटेल असे उत्तर मला अजून मिळालेले नाही.

आपल्यापैकी काहींची भीती मी ऐकली आहे: हे आले तर आपला वाटा कमी होईल. ही भीती खोटी नाही, तिच्याकडे दुर्लक्ष करणे हा शहाणपणा नव्हे. म्हणूनच ठरावाचा जो मसुदा मी अध्यक्षांकडे दिला आहे, त्यात तिसरा परिच्छेद रद्द करण्याच्या मागणीबरोबरच, यादी वाढेल त्या लोकसंख्येच्या प्रमाणात राखीव जागाही वाढवाव्यात, असे स्पष्ट लिहिले आहे. ज्यांची हरकत असेल त्यांनी मते घेण्यापूर्वी उभे राहून ती मांडावी. उत्तर देण्यास मी येथेच बसलो आहे. जय भीम.